फासा निवडताना आधी हात बघा

बेळगावात शहापूरला आमच्या घरी मी मण्यांच्या, मोत्यांच्या माळा ओवते. बायका येतात, मणी निवडण्यात तासभर घालवतात, पण माळेची दोन टोकं मागं अडकवायला कुठला फासा लावायचा ते कुणी विचारत नाही. मीच विचारते. माळ कोण घालणार? रोज, की लग्नाकार्यापुरती? घालून द्यायला घरात कुणी आहे का? कन्नड बोलणाऱ्या बायका फाशाला ‘कोंडी’ म्हणतात, म्हणून तो शब्दही माझ्या तोंडात बसलाय. फासा चुकला की कितीही सुंदर माळ डब्यात पडून राहते.

आमच्या आत्याबाईंच्या पोवळ्यांच्या माळेचं तेच झालं. त्यांची बोटं आखडतात हे माहीत असूनही नाजूक दिसतो म्हणून मी १० मिलिमीटरचा लॉबस्टर हूक लावला. खेकड्याच्या नांगीसारखा हा हूक. त्याची बारीक खिट्टी नखानं मागं ओढून धरायची आणि दुसऱ्या हातातली कडी आत सरकवायची, तेही मानेमागं, न बघता. चार वेळा खटपट करून त्या म्हणाल्या, “राहू दे गं, तूच घाल.” दर खेपेला सुनेला हाक मारायची म्हणून त्यांनी ती माळ घालणंच सोडलं. तेव्हापासून कुठलाही हूक मी आधी डोळे मिटून, हात मानेमागं नेऊन तीनदा लावून बघते. वयस्कर बाईसाठी १५ मिलिमीटरचा घेते.

आत्याबाईंना शेवटी चुंबकाचा फासा लावून दिला. एका हातानं लागतो, माळही हलकी आहे, त्या खूश आहेत. पण तीनपदरी जड माळेला चुंबक लावू नका. झटका बसला की सुटतो. साडीच्या पिनेलाही तो जाऊन चिकटतो. आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या माळेला चुंबक अजिबात नको.

टॉगल, म्हणजे एक कडी आणि त्यात अडकणारी आडवी काडी, दिसायला देखणा. तो माळेच्या ओढीवर टिकतो, म्हणून गळ्यात चांगला. सैल ब्रेसलेटमधून काडी निसटते. काडीजवळ बोटभर तरी बारीक मणी ओवा. मोठा मणी आला की काडी कडीतून पलीकडे जातच नाही, आणि हे कळतं माळ पुरी झाल्यावर.

ठुशीला मला आपला गोंडाच आवडतो. सरकगाठ असली की गळ्याच्या मापाची चिंता नाही, मानेला धातू टोचत नाही. घामानं दोरा मळतो, मग तो बदलून घ्यायचा.

बेळगावच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चांदीच्या हुकातही आतली स्प्रिंग बहुतेक वेळा पोलादी असते. घाम, दमट हवा लागून ती गंजते आणि खिट्टी अर्धवट उघडी राहते. रोजच्या माळेला म्हणून मी साधा एस आकाराचा फासा लावते, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त त्याची तोंडं दाबून जवळ आणायची.

आणि माळ पडते ती बहुतेक वेळा फाशामुळं नाही, फासा जोडणाऱ्या कडीमुळं. ही कडी दोन्ही बाजूंना फाकवून उघडू नका, तिचा गोल बिघडतो आणि तोंडं पुन्हा नीट जुळत नाहीत. दोन पकडी घ्या. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे असं वळवा. बंद करताना तसंच उलटं, जरा पुढं नेऊन परत आणायचं, म्हणजे तोंडाला तोंड टेकतं. मग शिवणाचा बारीक धागा त्या सांध्यावरून ओढून बघा. धागा फटीत शिरला, तर पकड पुन्हा हातात घ्या.