कामाकुरात एकट्यानं दुपारचं जेवायचंय? या चुका टाळा

टोकियोहून योकोसुका लाइननं तासाभरात कामाकुरा येतं. त्यामुळे बहुतेक जण सकाळी निघतात, त्सुरुगाओका हाचिमानगू हे देवस्थान बघतात, मोठ्या बुद्धापुढे फोटो काढतात, समुद्रावर चक्कर मारून संध्याकाळी परततात. देवळं, गाड्या, फोटोच्या जागा असं सगळं या बेतात असतं, फक्त जेवण नसतं. सोबत कोणी असलं तर निभावून जातं. एकटा माणूस मात्र साडेबाराला पोटात कावळे ओरडायला लागल्यावर गर्दीत सापडतो, दोन-तीन दारांवरून मागे फिरतो आणि शेवटी आइस्क्रीमचा कोन खाऊन वेळ मारून नेतो.

याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे गाव एकट्यानं जेवण्यासाठी फार चांगलं आहे. आपल्याकडून चुका होतात त्या साध्या आणि टाळता येण्याजोग्या.

एकटे आहोत म्हणून दारातच बिचकणं

जपानमध्ये दुपारी एकट्यानं जेवणं ही रोजची गोष्ट आहे. ऑफिसमधली माणसं, आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, सगळे एकटे जेवतात आणि कोणी कोणाकडे बघतही नाही. छोट्या हॉटेलांतले काउंटर असतातच त्यासाठी. एकट्या बाईनं जावं का, असं मला अनेकींनी विचारलं आहे. बिनधास्त जा.

आत गेल्यावर आधी थांबायचं. रिकामी खुर्ची दिसली म्हणून जाऊन बसायचं नाही. कोणीतरी येऊन किती जण ते विचारेल. एक बोट वर करा आणि ‘हितोरी देस’ म्हणा, तेवढं पुरतं. मग जिथे बसवतील तिथे बसा. सामान ठेवायला बहुतेक ठिकाणी स्टुलाखाली टोपली किंवा काउंटरखाली हुक असतो. बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवू नका, त्या खुर्चीवर पाच मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक येणार असतं.

गर्दीच्या ठिकाणी दाराबाहेर छोट्या स्टँडवर एक कागद आणि पेन असतं. पुष्कळ परदेशी पाहुणे तो कागद न बघता नुसते रांगेत उभे राहतात आणि मागून आलेले लोक आधी आत गेले की चिडतात. त्या कागदावर तीन गोष्टी भरायच्या असतात: नाव, किती जण, आणि कुठली जागा हवी, म्हणजे टेबल, काउंटर की कुठलीही चालेल. नाव काताकाना लिपीत लिहा. आडनाव लांबलचक असेल तर पहिलं नाव लिहा, ‘मीरा’ किंवा ‘अजय’ हाक मारणाऱ्यालाही सोपं जातं. गावातून निघण्यापूर्वी आपलं नाव काताकानात कसं लिहितात ते फोनमध्ये उतरवून घ्या. जागेच्या रकान्यात ‘काउंटर’ किंवा ‘कुठलीही चालेल’ यावर खूण करा. एकट्याचा खरा फायदा इथे आहे. चौघांचं कुटुंब टेबल रिकामं होण्याची वाट बघत असतं आणि काउंटरवरची एक खुर्ची मोकळी झाली की तुम्हाला त्यांच्याआधी बोलावतात. तोवर आसपास भटकायला जाऊ नका. हाक मारली आणि तुम्ही दिसला नाहीत, तर नावावर काट बसते.

एक गोष्ट मात्र दाराबाहेरच्या मेन्यूवर बघून घ्यावी. शेगडीवर शिजवायचे पदार्थ आणि काही ठरावीक थाळ्या किमान दोन माणसांसाठीच देतात. तशी ओळ दिसली तर वाद न घालता दुसरा पदार्थ निवडावा.

बारा ते दीड या वेळात कोमाची-दोरीवर जागा शोधणं

स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडलं की डावीकडे लाल तोरी, म्हणजे देवळाच्या वाटेवरची कमान, दिसते. तिथून कोमाची-दोरी सुरू होते आणि हाचिमानगूच्या दिशेनं जाते. सगळे प्रवासी याच गल्लीत लोटतात, आणि गल्ली अरुंद आहे. शनिवार-रविवारी, एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात आणि जूनमध्ये हायड्रेंजिया फुलतात तेव्हा इथे चालणंही अवघड होतं. अशा वेळी तिथे शांत काउंटर शोधण्यात अर्धा तास घालवणं म्हणजे दुपार वाया घालवणं.

इलाज दोन आहेत. पहिला वेळेचा. बरीच हॉटेलं अकरा किंवा साडेअकराला उघडतात. उघडण्याच्या दहा मिनिटं आधी दारात उभे राहा. पहिल्या फेरीत एकट्याला जागा जवळपास नेहमी मिळते, आणि बाराच्या रांगा लागतात तेव्हा तुम्ही जेवून बाहेर पडत असता. यासाठी नाश्ता लवकर आणि हलका घ्यावा लागतो, एवढंच.

दुसरा इलाज रस्ता बदलण्याचा. स्टेशनच्या पश्चिमेला ओनारी-दोरी नावाचा बाजार आहे. देवळांच्या वाटेवर नसल्यामुळे तिकडे गर्दी बरीच कमी असते. तिथे गावातली माणसं भाजी, पाव, औषधं घ्यायला येतात आणि छोट्या कॅफेंत बसतात. मला विचाराल तर एकट्या माणसानं आधी इकडेच वळावं. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला रुळांखालून भुयारी वाट आहे.

पूर्वेकडेच राहायचं असेल तर वाकामिया ओजी या रुंद रस्त्यानं समुद्राच्या दिशेला जा, देवळाकडे नको. थोड्याच अंतरावर शेतकऱ्यांचा भाजीबाजार लागतो, त्याला तिथे ‘रेनबाई’ म्हणतात. १९२८ पासून तो चालू आहे. शेतकऱ्यांचे चार गट आळीपाळीनं येऊन आपल्याच मळ्यातली भाजी विकतात. सकाळी लवकर गेलात तर जांभळे मुळे, पिवळी-लाल गाजरं, नाव न कळणाऱ्या पालेभाज्या असे ढीग दिसतात, आणि दुपारपर्यंत त्यातलं बरंच संपलेलं असतं. गावातल्या हॉटेलांच्या मेन्यूवर ‘कामाकुरा यासाई’ असं लिहिलेलं असतं ती ही भाजी. ज्या छोट्या कॅफेच्या दारावर ते शब्द दिसतील तिथे भाजीप्रेमी माणसानं जरूर डोकावावं.

किता-कामाकुरा हे स्टेशन कामाकुराच्या एकच स्टेशन अलीकडे आहे. सकाळी तिथे उतरून एंगाकुजी आणि मग केनचोजी हे मठ बघत चालत आलात, तर रस्त्याच्या कडेला सोबाची, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांची, आणि साध्या थाळीची घरगुती हॉटेलं विखुरलेली आहेत. या भागात बौद्ध मठांच्या परंपरेचं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, देणारीही ठिकाणं आहेत. त्यांतल्या बऱ्याच जागी आगाऊ नोंदणी लागते आणि एकट्याची नोंदणी घेतात की नाही हे आधी विचारावं लागतं. मुक्कामाच्या हॉटेलातल्या माणसांना फोन करायला सांगा, ती आनंदानं करतात.

दोन वाजता ‘आता निवांत जेवू’ म्हणणं

मुंबई-पुण्याच्या सवयीनं ही चूक हटकून होते. कामाकुरातली पुष्कळ हॉटेलं दुपारी दोन किंवा अडीचला बंद होतात आणि पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. शेवटची ऑर्डर त्याच्याही अर्धा तास आधी घेतात. दारावर अडीच लिहिलं असेल तर दोननंतर आत घेणार नाहीत, आणि हात जोडून विनंती केलीत तरी उपयोग नाही. कापडी पडदा, म्हणजे नोरेन, दारावर लटकत असेल तर दुकान चालू आहे. तो काढून आत ठेवला असेल तर दिवे चालू दिसले तरी बंद आहे असं समजा. पाटीवर काय लिहिलंय ते फोनच्या भाषांतर ॲपनं बघता येतं.

साप्ताहिक सुट्टीही प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती बहुतेकदा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी येते, कारण शनिवार-रविवार धंद्याचे. गर्दी टाळायला मंगळवार-बुधवार निवडलात तर मनात धरलेलं हॉटेल त्या दिवशी उघडं आहे ना हे आदल्या रात्री तपासा, आणि जवळचं दुसरं एक ठिकाण हाताशी ठेवा.

‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून निर्धास्त होणं

आपल्या शाकाहारी माणसांची सर्वात मोठी फसगत इथे होते. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं जपानमध्ये धरता येत नाही. सोबाबरोबरचा सॉस, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अगदी गोडसर ऑम्लेटसुद्धा, या सगळ्यांत ‘दाशी’ नावाचा उकळून काढलेला रस असतो, आणि तो बहुधा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कापांचा असतो. वाढणाऱ्या माणसाला यात काही लपवायचं नसतं. त्याच्या लेखी तो मासा नाहीच, ते नुसतं पाणी आहे.

म्हणून प्रश्न नेमका विचारायचा. ‘कात्सुओ-दाशी देस का?’ (बोनिटोचा दाशी आहे का?) असं विचारलं की होय-नाही उत्तर मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे ‘मी मांस, मासे, अंडी आणि माशाचा दाशी खात नाही’ हे वाक्य जपानी लिपीत फोनवर तयार ठेवा आणि बसण्याआधी दाखवा. नाही म्हणाले तर ते तुमच्या भल्यासाठीच असतं. नमस्कार करून पुढे जा.

कामाकुराला गेलेल्या शाकाहारी माणसानं केनचिन-जिरु चाखायलाच हवं. १२५३ साली उभ्या राहिलेल्या केनचोजी मठातून हे सूप आलं असं सांगतात. मुळा, गाजर, गोबो नावाची मातकट चवीची मुळी, कोन्याकु नावाची कंदापासून केलेली जेलीसारखी वडी आणि आपल्या अळकुड्यांची सख्खी बहीण म्हणावी अशी सातोइमो, हे सगळं तिळाच्या तेलात परततात. तोफू सुरीनं न कापता हातानं कुस्करून घालतात, त्यामुळे तो रसात मिसळून जातो. मठाच्या पद्धतीत रस कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि वाळवलेल्या शिताके आळिंब्यांचा असतो, वरून सोया सॉस. थंडीत, देवळाच्या पायऱ्या चढून आल्यावर, एक वाटी भात आणि हे सूप एवढ्यावर पोट भरतं आणि मनही. मात्र हॉटेलात याच नावाच्या वाटीत बोनिटोचा दाशी किंवा कधी डुकराचं मांसही असू शकतं. तेव्हा विचारण्याचा नियम इथेही पाळा.

सोबाच्या दुकानात सॉस टाळून मीठ मागता येतं, ‘शिओ’ म्हणायचं. भाज्यांचा टेंपुरा मिठाबरोबर छान लागतो, पण तो तळायचं तेल कोळंबी तळलेलंच असतं. हे चालतं का ते ज्यानं त्यानं ठरवावं. सोबा संपत आला की लाकडी किंवा लाखेच्या भांड्यात पांढुरकं गरम पाणी आणून ठेवतात. ते हात धुवायचं नाही. सोबा उकडलेलं ते पाणी आहे, उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्यायचं.

हासेकडे जाणाऱ्यांसाठी सोय आहे. कामाकुराहून एनोदेन गाडीचं तिसरं स्टेशन हासे. कोतोकु-इनमधली ११.३ मीटर उंचीची बुद्धमूर्ती बघून सगळे परततात, पण जवळच्या हासेदेरा मंदिराच्या आवारात कायकोआन नावाचं भोजनगृह आहे. तिथून समुद्र दिसतो आणि मांसाशिवाय केलेली करी मिळते. दाशीचं मात्र विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांना इथली शिरासु, म्हणजे भातावर पसरलेली बारीक पांढरी मासळी, आवडेल. ती कच्ची खायची असेल तर १ जानेवारी ते १० मार्च या काळात जाऊ नका. त्या दिवसांत मासेमारी बंद असते. एरवीही समुद्र खवळलेला असला की होड्या जात नाहीत आणि उकडलेल्या शिरासुवर समाधान मानावं लागतं. ती मला तरी कच्चीपेक्षा जास्त आवडते.

हातात घेऊन चालत खाणं, आणि समुद्रावर डबा उघडणं

कामाकुरा शहरानं एप्रिल २०१९ पासून सार्वजनिक शिष्टाचाराचा नियम केला आहे. गर्दीत चालता चालता खाणं त्यात त्रासदायक वागणं धरलं आहे. दंड नाही, पण गावकऱ्यांनी केलेली ही विनंती आहे आणि ती पाळावी. कोमाची-दोरीवर काही घेतलंत तर त्याच दुकानासमोर उभं राहून संपवा आणि काडी, कागद दुकानदाराकडेच परत द्या. रस्त्यावर कचऱ्याचे डबे मिळत नाहीत.

युइगाहामाच्या किनाऱ्यावर बसून खायचा मोह आवरा. तिथल्या घारी धीट आहेत. मागून झेप घेऊन हातातला घास पळवतात आणि नखांनी हात ओरबाडला जातो. तशा सूचनांच्या पाट्याही लावलेल्या आहेत. एकट्या माणसाच्या पाठीमागे बघायला कोणी नसतं, म्हणून हे जास्त मनावर घ्यावं. उघड्यावर खायचंच असेल तर छपराखाली, भिंतीला पाठ लावून बसा.

पैसे देताना

छोट्या दुकानांत अजूनही रोख लागते. हजार येनच्या चार-पाच नोटा जवळ ठेवा. दारात तिकिटाचं यंत्र असेल तर आधी पैसे, मग बटण, मग तिकीट काउंटरवर. यंत्र नसेल तर टेबलावर ठेवलेली बिलाची चिठ्ठी घेऊन गल्ल्यावर जायचं. टीप ठेवू नका, मागे धावत येऊन परत देतात. जेवण झाल्यावर रांग असेल तर फोन बघत बसू नका.

अडीच वाजून गेलेत आणि अजून जेवण नाही

अशा वेळी हॉटेलं शोधणं थांबवा आणि किस्सातेन, म्हणजे जुन्या धाटणीची कॉफीची दुकानं बघा. ती दुपारभर चालू असतात आणि एकट्यानं तासभर बसलात तरी चालतं. टोस्ट, सँडविच, टोमॅटो केचपमधली स्पॅगेटी असं काहीतरी मिळतं. कोमाची-दोरीच्या तोंडाशीच इवाता कॉफी आहे. तिथले जाडजूड हॉटकेक प्रसिद्ध आहेत. ते ऑर्डरनंतर भाजायला घेतात, त्यामुळे वीस-तीस मिनिटं लागतात. अंडं खात नसाल तर टोस्ट घ्या. तिथेही रांग दिसली, तर स्टेशनलगतच्या तोक्यू स्टोअरमध्ये तयार जेवणाचे डबे मिळतात. संध्याकाळ व्हायला लागली की उरलेल्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर चिकटवले जातात.