पावसात स्पोर्ट्स कार घाटात नेताय? मग हे करा

जूनचा पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं तेल-धूळ वर येते आणि मस्टँगसारखी मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात वळणावर मागून सटकते, आणि माणूस घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडतो, मग तर वजन पुढं जाऊन मागची पकड आणखी कमी होते नि गाडी गरकन फिरते.

१. घाटाखालचं केरी गाव सोडायच्या आधी वेट मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग, असेल तर टाका, पोर्शे ९११ च्या नव्या मॉडेलात आहे. ईएससी, म्हणजे गाडी सटकायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करायची नाही म्हणजे नाही, मागं बसलेला मित्र कितीही चढवू दे.
२. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावरच, वळणात नाही.
३. एक गिअर वरचा ठेवा. वळणात पाय हलका पण स्थिर, स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की हळूहळू दाबा.
४. टायरच्या खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं असेल तर त्या दिवशी दुसरी गाडी काढा, रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतात.

एक मात्र सांगतो, सटकलीच तर ब्रेकवर उभं राहू नका, जायचंय तिकडं बघा आणि स्टिअरिंग तिकडंच.