नाशिकजवळ कुटुंबासह अर्धा दिवस मोकळ्या हवेत कसा घालवावा

नाशिककरांना सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेत जाण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागत नाही. डोंगर, नदी, लेणी आणि पक्ष्यांचे पाणथळ हे सगळे घरापासून तास-सव्वातासाच्या आत आहे. अडचण येते ती आखणीत. पूर्वी आम्ही एकाच रविवारी तीन ठिकाणे पाहण्याचा बेत केला होता. दुपारपर्यंत आजी थकून गेल्या आणि तिसऱ्या ठिकाणी मुले गाडीतून उतरायलाही तयार होईनात. तेव्हापासून आम्ही दिवसाला एकच ठिकाण ठरवतो, सकाळी लवकर निघून उन्हे चढण्याआधी परततो आणि प्रत्येक मुलाला तिथे करण्यासाठी एक निश्चित काम देतो. काम हाती असले की मूल कंटाळत नाही, हा आमचा आजवरचा अनुभव आहे.

सुरुवात पांडवलेण्यांपासून करावी. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर ही २४ लेणी आहेत. पायऱ्या दोनशेहून अधिक असल्या तरी बांधलेल्या आहेत, त्यामुळे मध्ये दोन-तीनदा बसत गेल्यास बहुतेक ज्येष्ठांनाही चढण झेपते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायथ्याच्या बुद्धविहाराच्या परिसरात थांबावे. पायऱ्या मोजण्याचे काम सर्वांत धाकट्याकडे द्यावे. वर गेल्यावर सगळी लेणी पाहण्याचा आग्रह धरू नये, तीन पुरेशी आहेत. क्रमांक ३ च्या लेण्यात दर्शनी भागाखाली दगडी यक्ष आहेत आणि सारे लेणेच त्यांनी खांद्यावर उचलून धरल्यासारखे दिसते; ते किती आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा कसा आहे, हे मुलांना शोधू द्यावे. क्रमांक १८ हे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनागृह आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मात्र क्रमांक १० च्या लेण्यात सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याच्या देणगीचा ब्राह्मी लिपीतील लेख इथे कोरलेला आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी व्यवस्था केली. पाचवी-सहावीतल्या मुलाला वही देऊन हे गणित तिथेच सोडवायला सांगावे. वर्षाचे व्याज २४० येते आणि २० भिक्षूंचे १२ प्रमाणे होतात तेही २४०च. सुमारे १९०० वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हिशेब आपल्या वहीत बरोबर जुळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, त्यासाठी मी पुनःपुन्हा तिथे जायला तयार असते. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे, हेही मुलांना आवर्जून सांगावे. १५ वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेशशुल्क नसते. कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास आवाज न करता लांबून जावे आणि त्या दिवशी अत्तर लावून येऊ नये.

हिवाळ्यात मात्र आमची पहिली पसंती नांदूर मध्यमेश्वरला असते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे अभयारण्य २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सूर्योदयाच्या सुमारास चापडगावच्या बाजूने आत जाता यावे, अशा बेताने पहाटे निघावे. निफाडची थंडी राज्यभर प्रसिद्ध आहे. कानटोपी, स्वेटर आणि मोजे यांत कसूर करू नये, कारण गारठलेले मूल पक्ष्यांकडे पाहत नाही. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत.

दुर्बीण घरात एक असली तरी चालते, ८×४० ची (आठपट मोठे दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) पुरते. तिचा वापर आदल्या संध्याकाळी गच्चीवर शिकवून ठेवावा. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी पाहायचा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. दुर्बीण लावून पक्षी शोधू लागल्यास मुलांना नुसते आकाशच दिसते आणि ती हिरमुसतात. पहिल्या फेरीत पाच पक्षी ओळखता आले तरी पुष्कळ झाले. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी, नावाप्रमाणेच चोच असलेला चमचा, गुलाबी पिसांचा चित्रबलाक आणि रुंद चोचीचा थापट्या हे नवख्यांनाही ओळखता येतात. मुलांनी वहीत नाव, संख्या आणि पक्षी काय करत होता, एवढे टिपावे. स्थानिक मार्गदर्शक मिळाल्यास अवश्य घ्यावा. कोणता पक्षी आज कोणत्या बाजूला उतरला आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

न्याहारीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पेरू न्यावेत. हे पदार्थ विटत नाहीत, सांडत नाहीत आणि त्यांचा कचराही फारसा होत नाही.

दहा वर्षांपुढील मुलांसाठी दिंडोरी तालुक्यातील रामशेज किल्ला योग्य आहे. चढण तासाभरात होते आणि औरंगजेबाच्या सैन्याला वर्षानुवर्षे दाद न देणाऱ्या या छोट्या किल्ल्याची गोष्ट वाटेतच सांगून होते. वरती सावली कमी असल्याने प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवे.

पावसाळ्यात सगळ्यांची पावले सोमेश्वरच्या धबधब्याकडे वळतात. तिथे जावे, पण पाणी लांबूनच पाहावे. हा धबधबा गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला असल्याने पाऊस थांबलेला असतानाही विसर्गामुळे पाणी वाढू शकते. निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहावी आणि गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला (ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी जोखतात) पाणी लागल्याचे कळले, तर त्या दिवशी नदीकाठचा बेत सोडून द्यावा. अशा दिवशी पावसाची उघडीप मिळताच सोसायटीच्या आवारात सात चपट्या दगडांची लगोरी रचावी आणि एका संघाचे प्रमुखपद आजोबांकडे द्यावे.