सॉफ्टवेअरमधला बदल प्रॉडक्शनला नेताना आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्या कशा सांभाळाव्यात

टेस्टिंगच्या सर्व्हरवर नीट चालणारा बदल प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, गेल्यावर अडतो, तेव्हा कोड अनेकदा तोच आणि तसाच असतो. राहून गेलेलं असतं ते कोडच्या आजूबाजूचं काहीतरी. एखादी सेटिंग, एखादी परवानगी, जुन्या नोंदींची दुरुस्ती, किंवा थोड्या वेळापुरता बंद केलेला आणि मग तसाच राहिलेला एखादा जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम. कोड उचलून न्यायला टूल होतं. या गोष्टी हाताने करायच्या होत्या, आणि त्या कुणाच्या तरी डोक्यात होत्या.

या हाताच्या कामांचे दोन गट पडतात. काही कामं कोड जाण्याआधी व्हायला हवीत, काही कोड गेल्यानंतर. या दोन याद्या कशा तयार करायच्या आणि बदल नेण्याच्या रात्री त्या कशा चालवायच्या, ते पुढे क्रमाने सांगतो.

१. बदल लिहितानाच पायरी लिहा

सगळ्यात जास्त जोर मी इथे देईन. अनेक टीममध्ये यादी रिलीजच्या, म्हणजे बदल प्रॉडक्शनला नेण्याच्या, आदल्या दिवशी जन्माला येते. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं जातं, ‘कुणाचं काही मॅन्युअल आहे का?’ मग जो तो आठवून सांगतो. पण ज्याने तीन आठवड्यांपूर्वी टेस्टिंगच्या सर्व्हरवर जाऊन एक सेटिंग बदलली, त्याला ती आज आठवेलच असं नाही. त्या वेळी ते पायरी म्हणून त्याच्या लक्षातही आलं नसेल. अडलं होतं, एक खूण केली, चाललं, तो पुढे गेला.

म्हणून प्रत्येक तिकिटात (एका बदलाच्या कामाच्या नोंदीत) दोन रकाने ठेवा: ‘आधी’ आणि ‘नंतर’. हाताने काही केलं की त्याच मिनिटाला ते तिथे लिहायचं, मग ते कितीही किरकोळ वाटो. हाताने करण्यासारखं काही नसेल तर रकाना कोरा न सोडता ‘काही नाही’ असं लिहायचं. कोऱ्या रकान्यावरून कळत नाही की खरंच काही नव्हतं की कुणी विचारच केला नाही. ‘काही नाही’ लिहिणाऱ्याने निदान क्षणभर थांबून विचार केलेला असतो.

याहून चांगली सोय म्हणजे पायऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, कोडच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), त्याच कमिटसोबत (नोंदवलेल्या बदलासोबत) ठेवणं. रिव्ह्यू करणारा मग कोडबरोबर पायऱ्याही वाचतो. बदल मागे घेतला तर त्याची पायरीही आपसूक मागे जाते. नाहीतर तिकीट रिलीजमधून बाहेर पडतं, पण त्याची पायरी कुठल्यातरी शीटमध्ये राहते आणि कुणीतरी ती इमानेइतबारे करूनही टाकतं.

२. पायरी अशी लिहा की दुसऱ्याला करता यावी

‘जॉब बंद करणे’ ही पायरी नाही, ती आठवणीसाठी मारलेली गाठ आहे. कुठला जॉब? कुठल्या सर्व्हरवर? बंद झाला हे कशावरून कळणार? पायरीत सहा गोष्टी याव्यात: कुठे करायचं, नेमकं काय करायचं, कोण करणार, किती वेळ लागेल, झाल्याची खूण काय, आणि उलटवायचं कसं. उदाहरणार्थ:

‘प्रॉडक्शनच्या शेड्यूलरमध्ये रात्रीचा बिलिंग जॉब “पॉज” करा. करणार: ऑपरेशन्सची रात्रपाळी. वेळ: २ मिनिटं. खूण: जॉबसमोर “पॉज्ड” दिसतं आणि चालू असलेली एकही फेरी यादीत नाही. उलटवायला: त्याच पानावर “रिझ्यूम”. जोडी: नंतरच्या यादीतली पायरी ७.’

यातली खूण सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. ‘कमांड चालवली’ आणि ‘काम झालं’ यांत अंतर असतं, आणि ते अंतर खुणेनेच कळतं. उलटवण्याची माहितीही आताच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता, फोन वाजत असताना, ती सुचत नाही.

३. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवा

प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: हे झालेलं असताना जुना कोड चालेल का? चालत असेल तर पायरी आधी करता येते. ती केल्यावर जुना कोड मोडणार असेल, तर ती नंतरची.

डेटाबेसमध्ये हे स्पष्ट दिसतं. नवा कॉलम आधी जोडता येतो, कारण जुन्या कोडला तो दिसला तरी सहसा फरक पडत नाही. जुना कॉलम काढणं मात्र नंतरचं काम, आणि माझ्या मते त्याच रात्रीचं मुळीच नाही. नवा कोड काही दिवस बिनतक्रार चालू द्या, मग काढा. कॉलमचं नाव बदलायचं असेल तरी हाच मार्ग: नवा जोडा, काही काळ दोन्हीकडे लिहा, जुनी माहिती भरून घ्या, वाचन नव्याकडे वळवा, शेवटी जुना काढा. एका झटक्यात नाव बदललं तर मागे फिरायची वाट बंद होते.

मागे फिरण्याबद्दल आणखी एक. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाच्या रचनेतले बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (एकगठ्ठा होणारे, नाहीतर मुळीच न होणारे) करून रद्द करता येतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा बदल करताच आधीचं सगळं आपोआप कमिट, म्हणजे कायम, होतं. म्हणून मायएसक्यूएलवर ‘अडलं तर रोलबॅक करू’, म्हणजे बदल रद्द करून मागे जाऊ, हे वाक्य यादीत चालणार नाही. प्रत्येक बदलाची उलटी स्क्रिप्ट लिहूनच ठेवावी लागते.

काही पायऱ्या ‘आधी’च्याही बऱ्याच आधी येतात. सर्व्हरचा पत्ता बदलणार असेल आणि डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ८६४०० सेकंद असेल, तर इतरांनी लक्षात ठेवलेला जुना पत्ता २४ तासांपर्यंत टिकतो. टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा तर निदान एक पूर्ण दिवस आधी, आणि सगळं स्थिरावल्यावर पुन्हा वाढवायचा. अशा पायऱ्यांना तारीख आणि वेळ लावा, नुसतं ‘आधी’ लिहून भागत नाही.

४. जोडीच्या पायऱ्या बांधून ठेवा

जे बंद केलं ते चालू करायचं असतं. जे उघडलं ते बंद करायचं असतं. जॉब, सूचनांचे अलार्म, ग्राहकांना जाणारे ईमेल, तात्पुरती दिलेली अ‍ॅडमिनची परवानगी, मेन्टेनन्सचं पान: या सगळ्यांच्या जोड्या असतात. ‘आधी’च्या यादीत बंद करण्याची पायरी लिहिताना त्याच बैठकीत ‘नंतर’च्या यादीत चालू करण्याची पायरी लिहा आणि दोघींना एकमेकींचे क्रमांक द्या.

हे मी अनुभवाने शिकलो. एका मायग्रेशनच्या (यंत्रणा हलवण्याच्या) रात्री आम्ही खोट्या घंटा वाजू नयेत म्हणून मॉनिटरिंगचे अलार्म बंद केले. ती पायरी यादीत होती, तिची जोडी नव्हती. काम छान झालं, सगळे झोपायला गेले. पुढचे चार दिवस अलार्म बंदच होते, आणि डिस्क भरत आली आहे हे आम्हाला एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून कळलं.

५. सगळ्यांच्या पायऱ्या एका यादीत आणा

रिलीजमध्ये वीस तिकिटं असतील तर वीस ठिकाणच्या पायऱ्या एकत्र कराव्या लागतात. हे काम एकाच व्यक्तीकडे असावं. तिने दोन गोष्टी बघायच्या. एकच पायरी दोन तिकिटांत आली आहे का? आणि एका तिकिटाची पायरी दुसऱ्याच्या पायरीवर अवलंबून आहे का? एकजण नोंदी दुरुस्त करणार आणि दुसरा त्याच नोंदींवर कडक नियम लावणार असेल, तर क्रम चुकताच नियम लागणारच नाही.

६. रंगीत तालीम करा

यादी स्टेजिंगवर, म्हणजे प्रॉडक्शनसारख्या मांडलेल्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर, चालवून बघा, पण ती लिहिणाऱ्याने चालवू नये. लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या गोष्टी वाचताना आपोआप भरल्या जातात. नवख्या माणसाला यादी द्या, तोंडी काही सांगू नका, आणि तो कुठे थांबतो ते बघा. तो थांबला की यादीत भर घाला. प्रत्येक पायरीचा वेळही मोजा, मात्र स्टेजिंगवर हजार नोंदी आणि प्रॉडक्शनवर काही कोटी असतील तर त्या वेळावर विसंबू नका.

बॅकअप हीही तालमीतलीच गोष्ट आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसची फोल्डर चुकून पुसली गेली. बॅकअप काढणारं टूल चुकीच्या आवृत्तीचं असल्यामुळे रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते, आणि अपयशाचे ईमेल पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून काम निभावलं, पण मधला डेटा गेला. तेव्हा यादीत ‘बॅकअप घेतला’ लिहू नका. ‘बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उघडला, अमुक टेबलात इतक्या नोंदी मोजल्या’ असं लिहा.

७. प्रत्यक्ष रात्री

एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने करायची, खूण दिसल्यावरच पहिल्याने वेळेसकट टिक करायची. सर्व्हर आठ असतील तर टिकाही आठ. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर व्यवहार कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी नेमकं इथेच चुकलं. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर गेला होता. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच होता, आणि नव्या कामासाठी पुन्हा वापरलेल्या एका फ्लॅगमुळे (कोडचा भाग चालू-बंद करणाऱ्या खुणेमुळे) तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. काम दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियम तिथे नव्हता. बाजार उघडण्याआधी काहीतरी चुकतंय अशी सूचना देणारे ९७ ईमेल आपोआप गेले होते, त्यांवर कुणी हललं नाही. गोंधळात सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढण्यात आला, आणि मग जुना कोड तिथेही जागा झाला. घटनेबद्दल वाचताना मला हा शेवटचा भाग सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. मागे फिरण्याची पायरी आधी लिहून, करून पाहिलेली नसेल तर मागे फिरणंही घात करतं.

म्हणून परत फिरायची वेळ आधीच ठरवा: ‘पहाटे ३ पर्यंत पायरी १४ झाली नाही तर रोलबॅक’. निर्णय कोण घेणार त्याचं नावही लिहा. यादीत नसलेलं काही करावं लागलं तर थांबा, ते यादीत लिहा, मग करा.

८. नंतरची यादी अर्धवट सोडू नका

पान उघडलं, लॉगिन झालं, की हात सैल पडतात. पण डेटाबेस हलवला असेल तर दोन्हीकडच्या नोंदी आणि रकमांच्या बेरजा जुळवून बघायच्या असतात. क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सचा आकडा पुढे सरकवला नसेल तर नव्या नोंदीला जुनाच क्रमांक मिळतो आणि ती नाकारली जाते. पोस्टग्रेस अपग्रेड केलं असेल, विशेषतः १८व्या आवृत्तीच्या आधीच्या आवृत्तीवर, तर ‘अ‍ॅनालाइझ’ ही टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणारी कमांड चालवावी लागते, नाहीतर काल झटकन येणारं उत्तर आज रेंगाळतं. कॅश (झटपट उत्तरासाठी साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा, साध्या वापरकर्त्याच्या खात्याने लॉगिन करून बघा. अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं, त्यामुळे राहिलेली परवानगी त्याला कळत नाही.

काही पायऱ्या दुसऱ्या दिवशीच्या किंवा त्याहून पुढच्या असतात: रात्रीच्या जॉबची पहिली फेरी, महिनाअखेरचा पहिला अहवाल, जुना कॉलम काढणं. रिलीजचं तिकीट बंद करण्याआधी यांतल्या प्रत्येकीचं वेगळं तिकीट उघडा, त्यावर तारीख आणि एका माणसाचं नाव टाका, आणि मगच झोपायला जा.