परदेशात मॅपवाल्या बाईच्या भरवशावर गाडी चालवताय? या चुका टाळा

सांगलीत कुणी म्हणालं की कवठ्याला जायचंय, तर आपण आधी काय विचारतो? एकंद का महांकाळ? एक तासगावच्या वाटेवर, दुसरं मिरजेच्या पलीकडं, आणि चुकलात तर अर्धा दिवस गेला. मॅप असं विचारत नाही हो. तुम्ही जे टाइप केलं ते त्याला सापडलं की तो "चला" म्हणतो, आणि परदेशात हीच गोष्ट सगळ्यात जास्त नडते.

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दीर आणि जाऊबाई, जूनमध्ये स्वित्झर्लंड आणि इटली भाड्याच्या गाडीनं फिरून आलो. गाडी हे आणि भाऊजी आलटून पालटून चालवायचे, मॅप माझ्याकडं. त्यामुळं खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत, हसायचं असेल तर हसा.

नावापासूनच सुरू करते. २००९ साली एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटाला निघालं होतं, टाइप करताना अक्षरं इकडची तिकडं झाली आणि पोचले कार्पीला, उत्तर इटलीतल्या एका कारखान्यांच्या गावात, बेटापासून साडेसहाशे किलोमीटरवर. तिथं जाऊन पर्यटन ऑफिसात विचारलं की काप्रीची ती प्रसिद्ध निळी गुहा कुठंय. २०१६ ला आइसलँडमध्ये एका अमेरिकन माणसानं राजधानीतल्या हॉटेलच्या रस्त्याचं नाव टाकताना एक 'र' जास्त टाकला आणि तो विमानतळावरून तासाभरात पोचायच्या ऐवजी पाचेक तास गाडी हाणत पार उत्तरेच्या टोकाला गेला. जर्मनीत नॉयश्टाट नावाची गावं कितीतरी आहेत, आणि इटलीत 'व्हिया रोमा' नावाचा रस्ता गावोगावी, आपल्याकडं शिवाजी चौक असतो तसा.

तेव्हा नुसतं नाव टाकून निघू नका. हॉटेलच्या बुकिंगमधून थेट लोकेशन उघडा, ते सेव्ह करा आणि निघायच्या आधी एकूण किलोमीटर किती दाखवतंय ते एकदा बघा, एवढं एक बघितलं तरी कार्पी-काप्री होत नाही. अक्षांश-रेखांश टाकत असाल तर अक्षांश आधी. झुरिक म्हणजे ४७.३७, ८.५४. भाऊजींनी घरी बसून उलटं टाकलं होतं तर टाचणी जाऊन बसली पूर्व आफ्रिकेत सोमालियाच्या बाजूला. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, व्हिसा कुठला काढलाय नक्की?"

आता दुसरी चूक, आणि ही जवळजवळ सगळे करतात: सगळी तयारी तिकडं विमानतळावर उतरल्यावर करायची. दमलेले असतो, काउंटरवर रांग, फोनला नेट नाही आणि आपल्या मागं पुढचं गिऱ्हाईक उभं. हे काम सांगलीतच करा, आणि नुसतं करू नका, रंगीत तालीम घ्या. फोनमध्ये तिकडचे ऑफलाइन मॅप डाउनलोड करायचे, ते घरच्या वायफायवर, आणि आपल्या सांगली-तासगावचाही एक डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाकून तासगावला जाऊन यायचं. आम्ही गेलो. हे म्हणत होते नेट बंद केल्यावर मॅप कसा चालेल, तर बाण मस्त रस्त्यावरून पळत होता. कारण जीपीएसला नेट लागतच नाही, उपग्रह २०,२०० किलोमीटर वरून सिग्नल सोडतात आणि आपला फोन तो फक्त ऐकतो, कमीत कमी चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठं आहोत ते काढतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि पुढं ट्रॅफिक आहे का ते कळायला. हे एकदा डोक्यात बसलं की तिकडं रेंज गेल्यावर घाबरायला होत नाही.

पण मग ऑफलाइनवरच सगळी ट्रिप करावी का, तर नाही. ऑफलाइन मॅपला रस्ता बंद आहे का ते ठाऊक नसतं. आल्प्समधले फुर्का, ग्रिमझेल असले उंचावरचे घाट बर्फामुळं साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच उघडे असतात, जूनच्या सुरुवातीला तर काही खात्रीच नसते. घाटाच्या पायथ्याशी मोठा बोर्ड असतो, 'ऑफन' म्हणजे चालू, 'गेश्लोसन' म्हणजे बंद, तो बघायचा. कुंभार्लीत दरड पडली की आपण कराडातच कुणाला तरी फोन करून विचारतो ना, तसंच सकाळी हॉटेलच्या वायफायवर एकदा आजचा रस्ता ऑनलाइन लावून बघा.

नेटपॅकचं एक सांगून ठेवते. पॅकवर 'युरोप' लिहिलेलं असतं, पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळं कितीतरी पॅकमध्ये ते धरलेलंच नसतं. आम्ही देशांची यादी वाचलीच नव्हती, झुरिकला उतरल्यावर वाचली. इटलीत तोच पॅक झकास चालला.

गाडी मिळाली ती पार्किंगच्या तळघरात. मी मॅप लावला तर बाण नुसता गरगर फिरतोय, आणि बाई म्हणतेय उत्तरेला जा. आता तळघरात उत्तर कुठली? दोन मजले स्लॅब डोक्यावर असताना उपग्रह ऐकू येणार कसे, आणि त्यात फोन बंद ठेवून हजारो किलोमीटर उडून आलेला, त्याला पहिल्यांदा जागा शोधायला जरा वेळ लागतोच. आम्ही तिथंच मॅप बंद कर, चालू कर, फोन रिस्टार्ट कर असं वीस मिनिटं करत बसलो. करायचं एवढंच: बोर्ड बघत बाहेर या, मोकळ्या आभाळाखाली गाडी बाजूला घ्या, दोन मिनिटं गप बसा. बाण तरी उलटा दिसत असेल तर थोडं पुढं गेल्यावर आपोआप सरळ होतो, कारण उभ्या गाडीचं तोंड कुठं आहे हे जीपीएसला कळत नाही.

सेटिंग एकदा उघडून बघाच

पुण्याला जाताना एकदा, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोल देऊन वैतागून, मी मॅपमध्ये 'टोल टाळा' करून ठेवलं होतं आणि विसरून गेले. इटलीत महामार्ग टोलचे असतात. डोमोदोसोला सोडल्यावर बाई आम्हाला प्रत्येक वेळी महामार्गाच्या कडेकडेनं न्यायला लागली, गाव, गोल चौक, सिग्नल, परत गाव, शेजारी हायवे दिसतोय पण चढू देत नाही. हे म्हणाले, "इटलीत हायवे परवडत नाहीत का गं यांना?" जेवायच्या वेळेला एका पंपावर थांबलो, भडंगाची पिशवी फोडली, आणि खाता खाता माझं लक्ष त्या टिकवर गेलं. काढली तर पुढचे दोन तास वाचले. मी काही बोलले नाही, मुकाट्यानं भडंग पुढं केलं.

तसंच 'सर्वात जवळचा रस्ता' असा पर्याय काही मशीनमध्ये असतो, तो बंद ठेवा, नाहीतर चार किलोमीटर वाचवायला कुणाच्या तरी द्राक्षबागेतून नेतो. ब्रिटनमध्ये बोर्ड मैलात असतात, तिकडं जाणार असाल तर मॅपही मैलात करा. आणि हायवेच्या टोलच्या स्टिकरचं मॅप विचारत नाही: स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचं ४० फ्रँकचं व्हिन्येट लागतं, तिथंच भाड्यानं घेतलेल्या गाडीवर ते असतंच, पण पुढं ऑस्ट्रियात गेलात तर त्यांचं वेगळं घ्यावं लागतं.

मॅप म्हणतो पोचलात, पण समोर रेल्वे स्टेशन

हे आमचं सगळ्यात मोठं फजितीचं ठिकाण. श्पीत्सकडून झेरमाटला निघालो, मॅपवर रस्ता डोंगराच्या आरपार सरळ रेघ. मी म्हटलं बोगदा असेल. कांडरश्टेग गावात बाईनं सरळ रेल्वे स्टेशनात घातलं. भाऊजी म्हणाले चुकली ही, गाडी वळवू या. पुढं बघतो तर गाड्यांच्या रांगा, टोलनाक्यासारखी खिडकी आणि एक माणूस हातानं या या करतोय. तर तिथं गाडीच रेल्वेवर चढवतात! पैसे द्यायचे, आपणच गाडी चालवत त्या सपाट डब्यांवर एकामागं एक न्यायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि आत बसून राहायचं. मग पंधराएक मिनिटं मिट्ट काळोख, १९१३ सालचा साडेचौदा किलोमीटरचा लोचबर्ग बोगदा. फोनवर बाण मागंच कुठंतरी थांबलेला, जाऊबाई स्तोत्र म्हणतायत, आणि पलीकडच्या टोकाला, गोपेनश्टाइनला, एकदम लख्ख ऊन. म्हणजे मॅप बरोबरच होता. वाटेत रेल्वेचं किंवा बोटीचं चित्र येतंय का ते रस्ता मोठा करून आधी बघितलं असतं तर एवढी धाकधूक झाली नसती, आणि तिकिटाचे पैसेही हिशोबात धरले असते.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट, झेरमाटला आपली गाडी जातच नाही. गाव मोटारींना बंद आहे. त्याच्या पाचेक किलोमीटर अलीकडं टेश आहे, तिथं पार्किंगला गाडी लावून छोट्या रेल्वेनं जायचं. म्हणून मॅपमध्ये झेरमाट टाकू नका, टेशचं पार्किंग टाका. व्हेंगन, म्युरेन ही गावं पण अशीच. आणि युंगफ्राऊयोख या बर्फातल्या रेल्वे स्टेशनाला ३,४५४ मीटरवर गाडी कशी जाईल, तिथं ग्रिंडेलवाल्ड किंवा लाउटरब्रुनेनचं पार्किंग टाका.

बोगद्याचं निघालंय तर, येताना गोट्टहार्ड लागला, १६.९ किलोमीटर. खंबाटकीच्या बोगद्यातून आपण एक गाणं संपायच्या आत बाहेर येतो, हा संपतच नाही, आणि आत बाण अंदाजानं पळत असतो. मी आता बोगदा आला की आधीच पुढची दोन वळणं मोठ्यानं वाचून ठेवते.

बाई बोलते एक आणि बोर्डावर दुसरंच, हे पण होतं. ती फ्लॉरेन्स म्हणते, बोर्ड म्हणतो फिरेंझे. व्हेनिसचं व्हेनेत्सिया. इटलीतून वर जर्मनीकडं जाताना 'मोनाको' दिसलं तर ते म्युनिक असतं, इटालियन लोक म्युनिकला मोनाको म्हणतात! बोर्डाचा रंगही बघा: स्वित्झर्लंड आणि इटलीत महामार्गाचा बोर्ड हिरवा, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रियात निळा. रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या गावांची तिकडची नावं मी कागदावर लिहायचे, हे हसायचे, नंतर हेच विचारायचे कागद कुठंय.

गोल चौकात 'तिसरा एक्झिट' म्हटलं तर तिकडं गाड्या उजवीकडून चालतात म्हणून उजवीकडूनच मोजायला लागायचं. चुकलं तर सरळ अजून एक चक्कर मारा, पुष्पराज चौकात मारतो तशी, पण ब्रेक दाबून मधेच थांबू नका.

दंडाच्या गोष्टी

इटलीतल्या जुन्या गावांच्या आतल्या भागात झेडटीएल असतं, म्हणजे ठरावीक परवानगीच्याच गाड्या. पांढऱ्या गोलाला लाल कड, खाली वेळा लिहिलेल्या, आणि 'व्हार्को आत्तिव्हो' असं दिवे लावून लिहिलेलं दिसलं की समजायचं कॅमेरा चालू आहे. कुणी अडवत नाही, पोलीस नाही, फाटक नाही, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि झालं. टस्कनीतल्या एका गावात आमचं हॉटेल आतच होतं. मॅपनं दारापर्यंत नेलं, आम्ही बॅगा उतरवल्या, पार्किंग नाही म्हणून बाहेर गेलो, सकाळी बॅगा घ्यायला परत आत. दिवाळी झाल्यावर यांच्या कार्डवरून भाड्याच्या गाडीवाल्यांनी दंड लावणाऱ्यांना नुसतं आमचं नाव-पत्ता कळवल्याचे पैसे कापले, आणि पुढं विश्रामबागेत घरी इटलीहून जाडजूड पाकीट आलं. दोन वेळा आत गेलो म्हणून दोन दंड. बुकिंग करतानाच हॉटेलला विचारायला पाहिजे होतं की तुम्ही झेडटीएलमध्ये आहात का, कारण बरीच हॉटेलं पाहुण्यांच्या गाडीचा नंबर कळवून परवानगी घेऊन देतात. आणि सोपं म्हणजे मॅपमध्ये हॉटेल टाकायचंच नाही, गावाबाहेरचं पार्किंग टाकायचं आणि बॅगा ओढत जायचं.

स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारी सोय आपल्याकडं सगळे वापरतात, पण स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्समध्ये चालवताना ती वापरणं बेकायदा आहे, निघायच्या आधी बंद करा. मॅपवर वेगमर्यादा दिसते ती अंदाजाला ठीक, खरा धरायचा तो रस्त्यावरचा बोर्ड. फोन हातात धरून मॅप बघायचा नाही, फ्रान्समध्ये त्याला १३५ युरो दंड आहे आणि ट्रॅफिकमध्ये उभे असलात तरी तो लागतो. स्टँड इथूनच न्या, केबल दोन न्या, आणि त्यातली एक डेटाची असू द्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला जात नाही. काचेवर उन्हात फोन तापून बंद पडला तर एसीच्या जाळीसमोर धरा, पाच मिनिटांत येतो.

गाडी परत देताना सगळे पेट्रोल आणि ओरखडे बघतात. आम्ही काउंटरला पोचलो आणि गाडीच्या स्क्रीनवर जाऊबाईंचा फोन वाजला, मोठ्या अक्षरात 'दूधवाले मामा'. तेव्हा लक्षात आलं की त्यांची सगळी नंबरांची यादी गाडीत उतरलीय. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये गेलो तर आमच्या आधीच्या सहा जणांचे फोन तिथं तसेच, नावानिशी, आणि मॅपमध्ये त्यांची जुनी ठिकाणं. आपला फोन 'डिलीट' करायचा, मॅपमधली शोधलेली ठिकाणं पुसायची, आणि मगच किल्ली द्यायची. मी त्या सहा जणांचीही पुसून टाकली.