पाणवठ्यावरचे लपण उन्हाळ्याआधी कसे उभारावे

मार्चच्या मध्यापासून वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या रानात पाणी मोजक्याच जागी उरते. पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्याला त्या पाण्याजवळ बसण्यासाठी हेच दोन-अडीच महिने मिळतात. लपण, म्हणजे पक्ष्यांना न दिसता आत बसण्याचा आडोसा, होळीपूर्वीच उभे राहिले पाहिजे, म्हणजे पक्षी त्याला सरावतात आणि पाणी आटू लागेपर्यंत ते त्यांच्या लेखी रानाचाच एक भाग होऊन जाते. एप्रिलमध्ये घाईने उभारलेले लपण तहानलेल्या पक्ष्यांना पाण्यापासून दूर ठेवते, आणि माझ्या मते तो त्यांच्यावर अन्याय आहे.

हा मजकूर शेतातल्या पाणवठ्यापुरता आहे. वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उभारू नये. शेत स्वतःचे असले तरी गावात आणि तिथल्या वनरक्षकाला आधी कळवावे. एकेकाळी अशाच लपणात शिकारी बंदूक घेऊन बसत, १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर शिकार टप्प्याटप्प्याने बंद झाली तरी पाण्याजवळ फासे लावणारे आजही आढळतात, आणि आडोशाला बसलेल्या अनोळखी माणसाबद्दल गावकऱ्यांना संशय येणे रास्तच आहे.

जागा निवडताना सकाळचा सूर्य आपल्या पाठीमागे राहील असे पाहावे, म्हणजे लपण पाण्याच्या पूर्वेला आणि त्याचा झरोका पश्चिमेला येईल. पाण्यापासून अंतर पंधरा ते वीस फूट असावे. बांबूचा चार फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच सांगाडा सुतळीने घट्ट बांधावा, वर तुराट्या आणि गवत घालावे, बाहेरून गोणपाट ताणून बसवावे. वाऱ्याने फडफडणारे एकही टोक मोकळे राहू देऊ नये.

इथवरचे काम कोणालाही जमते. बिघडते ते मागच्या भिंतीशी, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. नवशिक्याला मिळणारा सल्ला सगळा दर्शनी बाजूबद्दल असतो: पळसाच्या फांद्या खोचा, गवत लावा, रंग मातीशी जुळवा. सातभाई किंवा तित्तर यांना मात्र समोर नवीन ढीग उभा राहिल्याचे फार काळ वावगे वाटत नाही. आठवड्याभरात ते त्याच्या सावलीत दाणे टिपू लागतात. त्या ढिगाच्या आत काहीतरी हलते आहे, याची सवय मात्र त्यांना कधीच होत नाही.

माझे पहिले लपण यवतमाळकडच्या एका परिचितांच्या शेतात होते. समोरून ते इतके बेमालूम जमले होते की चार पावलांवरूनही ओळखू येत नव्हते. तरीही सलग तीन सकाळी सातभाईंचा थवा यायचा, बाभळीवर बसून कलकलाट करायचा आणि पाण्याला न शिवता निघून जायचा. त्यांचा गोंगाट ऐकून होलेही उतरत नसत. चौथ्या दिवशी मी शेतावरच्या गड्याला आत बसवले आणि स्वतः पाण्याच्या काठाशी उकिडवा बसून लपणाकडे पाहिले. त्याने कान खाजवला, तो मला स्वच्छ दिसला. त्याच्या पाठीमागचे कोवळे, तिरपे ऊन गोणपाटाच्या विणीतून आत झिरपत होते आणि त्या उजेडावर त्याची काळी आकृती झरोक्यातून उमटत होती. चित्रासाठी जो सूर्य पाठीशी हवा, तोच आपल्याला उघडे पाडतो. दुपारी मी अनेकदा तपासणी केली होती, परंतु दुपारचे ऊन छपरावर पडत असल्याने मागची भिंत तेव्हा निर्दोषच दिसत असे.

म्हणून मागची भिंत दुहेरीच करावी, यात तडजोड नको. बाहेरच्या गोणपाटापासून वीतभर अंतर सोडून आतून जुनी काळी घोंगडी टांगावी. ती दाट असते, चमकत नाही, वाजत नाही, आणि मधल्या अंतरातून हवा खेळत राहते. काळे प्लास्टिक किंवा ताडपत्री सर्रास सुचवली जाते. ती चकाकते, वाऱ्यात कडकडते आणि नऊ वाजल्यानंतर आत बसणे अशक्य करते. शिरण्याची वाट मागून असेल तर तिच्यावर दुसऱ्या घोंगडीचा पदर हातभर तरी चढला पाहिजे. आत बसून छपराकडे पाहावे आणि जिथे उजेडाची तिरीप दिसेल तिथे गवताची पेंढी सारावी. झरोका जेमतेम लेन्स फिरेल एवढाच ठेवून त्यावर काळी जाळी सोडावी, आणि अंगावर गडद, फिका न पडलेला कपडा असावा. चेहरा आणि हातही झाकावेत. त्यानंतर सकाळी सात ते आठच्या दरम्यान कोणाला तरी आत बसवून हात हलवायला सांगावा आणि आपण पाण्याशी, पक्ष्याच्या उंचीवर डोळे आणून पाहावे. हात दिसला, तर काम अपुरे आहे.

पाणवठा म्हणून पाण्याचे पसरट भांडे ठेवले असेल, तर ते काठाशी दोन आणि मध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे. पाणी रोज बदलावे.

बसायच्या दिवशी उजाडण्यापूर्वी आत जावे आणि पाण्यावर पक्षी नसतानाच बाहेर पडावे. उशीर झालाच तर दोघांनी आत शिरावे आणि एकाने उघडपणे चालत निघून जावे. निघून गेलेला माणूस पाहून बहुतेक पक्षी निर्धास्त होतात. उन्हाळ्यात सापविंचवांनाही लपणाची गार सावली आवडते, म्हणून विजेरी लावून आणि काठीने कोपरे चाचपून मगच बसावे. घोंगडीची घडी तर हात घालण्यापूर्वी काठीनेच उलटावी. टिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिने लपणाजवळ अंडी घातल्याचे दिसले, तर त्या हंगामात तिथे बसणे सोडून द्यावे आणि पाणी भरण्याचे काम तेवढे दुरून, झटपट उरकत राहावे.