अपघाताची चौकशी करताय? ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळे होऊ नका

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची, जुनी अपघात-फाइल उघडा. ‘कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा एकच ओळ सापडेल: कामगाराचा निष्काळजीपणा. ‘उपाययोजना’ही ठरलेली: संबंधितास समज दिली व प्रशिक्षण दिले. अशी चौकशी चहा संपायच्या आत उरकते. मग काही महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या कुणाचं तरी बोट जातं आणि पुन्हा तीच ओळ लिहिली जाते.

आधी मशीन सुरू, मग चौकशी

जखमीला हॉस्पिटलला पाठवलं की पहिला फोन माल पाठवणाऱ्या डिस्पॅच विभागाचा येतो. गाडी लागलेली असते, म्हणून कुणीतरी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) साफ करतो, फरशी पुसतो, प्रेस चालू होतो. झालं, निम्मा पुरावा गेला.

विद्युतपुरवठा तोडून कुलूप लावा, जागा दोरीने अडवा आणि आधी फोटो काढा. नुसता मशीनचा लांबून काढलेला फोटो काही कामाचा नाही. मोड सिलेक्टर (प्रेस कसा चालवायचा ते ठरवणारा स्विच) कुठे होता, थोडं थोडं सरकवण्याच्या ‘इंच’वर, एका घावाच्या ‘सिंगल’वर की सलग चालणाऱ्या ‘कंटिन्युअस’वर? त्याची किल्ली सुपरवायझरकडे होती की पॅनेललाच लटकत होती? प्रेसला फिरत्या चाकाशी जोडणाऱ्या क्लचचं हवेचं प्रेशर किती होतं? गार्ड जागेवर होता की भिंतीला टेकवून ठेवलेला? हात डायबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात काडी किंवा नाणं खोचलेलं आहे का, हे वाकून बघा. डीव्हीआर जुनं चित्रण आपोआप पुसतो, तेव्हा सीसीटीव्हीची कॉपी त्याच दिवशी काढून घ्या. अपघात गंभीर असेल तर माणसाला सोडवण्यापुरतं सोडून काहीही हलवू नका. पोलिसांचा पंचनामा आणि कारखाना निरीक्षकांची पाहणी होऊ द्या.

केबिनमध्ये बसवून जबाब

समोर प्लांट हेड, बाजूला लेबर कॉन्ट्रॅक्टर आणि पहिला प्रश्न, “हात आत घातलाच कशाला?” कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला उद्या गेटवर अडवतील ही भीती असते. तो “चुकी झाली साहेब” म्हणतो, आणि तेवढंच कागदावर येतं. त्यातून मुलगा बिहारचा आणि जबाब इंग्रजीत टाइप केलेला. सही त्याची असली तरी शब्द त्याचे नसतात.

त्याऐवजी मशीनपाशी उभं राहून, कॉन्ट्रॅक्टरला बाजूला ठेवून, शिफ्ट सुरू झाल्यापासून काय काय झालं ते क्रमाने सांगू द्या. मध्ये तोडू नका. त्याच्याच भाषेत लिहा आणि वाचून दाखवा. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला मात्र जरूर विचारा, “दादा, तुमच्याकडे पण पीस अडकतो का?” माझ्या मते सगळ्या चौकशीत सर्वांत जास्त माहिती या एका प्रश्नातून मिळते.

‘का’ विचारणं माणसापाशी थांबवणं

समजा, तिसऱ्या शिफ्टला हेल्परने अडकलेला पीस काढायला हात घातला आणि स्ट्रोक आला, म्हणजे प्रेस वरून खाली आला. हात का घातला? पीस पंचला (साच्याच्या वरच्या भागाला) चिकटून वर जात होता. का चिकटत होता? पीस पंचवरून सोडवणाऱ्या स्ट्रिपरच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या. मग त्या बदलल्या का नाहीत? टूल रूमच्या रजिस्टरमध्ये या डायची तक्रार आधीच नोंदवलेली, शेरा: ‘ऑर्डर संपेपर्यंत चालवा’. चिमटा होता का? होता, कपाटात, कुलुपात. आणि स्ट्रोक आला कसा? एक बटण काडीने दाबून ठेवलेलं, कारण दोन्ही हात वापरले तर तासाचं टार्गेट बसत नाही. हे सुपरवायझरला ठाऊक होतं का, हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, पण विचारावा लागतो.

आता हातात काय आलं बघा. स्प्रिंगा, तो शेरा, चिमट्याची जागा, काडीने फसणारं बटण, टार्गेट. यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते. ‘निष्काळजीपणा’ कोणत्या पान्याने घट्ट करणार?

जुना की-क्लचचा प्रेस (ज्यात ‘की’ नावाचा धातूचा तुकडा प्रेसला चाकाशी जोडतो) असेल तर आणखी एक बघा. त्यात की किंवा स्प्रिंग झिजली की एकदा दाबल्यावर दुसरा स्ट्रोक आपोआप येऊ शकतो. “मी पेडल दाबलंच नाही” असं ऑपरेटर म्हणाला तर त्याला खोटं ठरवण्याआधी क्लच उघडून तपासा.

उपाय म्हणून पोस्टर

समज देणं आणि पोस्टर लावणं हे सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लाडके उपाय. त्याआधी मशीनमधला बदल बघा. पीस हवेच्या झोताने बाहेर पडेल असं करा. दोन्ही बटणं ठरावीक क्षणात एकत्र दाबल्याशिवाय आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडल्याशिवाय प्रेस चालणार नाही असं सर्किट बसवा. लाइट कर्टन (हात आत येताच प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवत असाल तर प्रेस थांबायला लागणारा वेळ मोजून अंतर ठरवा. फार जवळ लावला तर हात प्रेस थांबण्याआधीच पोचतो. शिवाय की-क्लच प्रेस स्ट्रोकच्या मध्ये थांबत नाही, त्यावर लाइट कर्टनचा खर्च करूच नका. तिथे पक्का गार्ड लागतो.

‘कॉन्ट्रॅक्टचा माणूस आहे’ म्हणून न कळवणं

जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त काम करू शकत नसेल तर अपघात कळवावाच लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातली ही अट २०२० च्या कामगार-सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे, आणि कंत्राटी कामगार त्यातून सुटत नाही. ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंदही वेळेत करा, नाहीतर त्याचा पगारी लाभ अडकतो. “हलकं काम देतो, हजेरी लाव” म्हणून पट्टी बांधलेल्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवण्याची युक्ती निरीक्षकांना चांगली ठाऊक असते.

अहवालावर सह्या झाल्या की फाइल बंद करू नका. प्रत्येक उपायापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख टाका. ‘मेंटेनन्स विभाग’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही. त्याच बनावटीचे बाकीचे प्रेसही तपासा. महिन्याभराने न सांगता रात्रपाळीला जा आणि त्या बटणात पुन्हा काडी आहे का ते बघा. असेल तर टार्गेटचा प्रश्न सुटलेला नाही, आणि पुढची बैठक प्रॉडक्शनवाल्यांबरोबर लावा.